पहाटेचा व्यायाम आदल्या रात्री ठरतो

पत्र : माझे वय ३८. काम बैठे आहे आणि घरी पोहोचायला साडेसात वाजतात. मोठी मुलगी आठ वर्षांची, धाकटा मुलगा अडीच वर्षांचा. पत्नीही नोकरी करते. गेल्या वर्षभरात तीन वेळा मी पहाटे पाचला उठून पाऊण तास धावण्याचा निश्चय केला, त्यासाठी नवे बूटही घेतले. पहिल्या वेळी दोन आठवडे टिकलो, मग मुलगा आजारी पडला आणि सगळे बारगळले. पुढच्या दोन्ही वेळी आठवडाही निघाला नाही. मुले झोपेपर्यंत रात्रीचे साडेदहा होतात, त्यानंतरचा तास-दीड तास तेवढाच माझा असतो आणि तो मोबाइलवर जातो. पहाटे गजर झाला की मी तो बंद करतो आणि पाच-पाच मिनिटे करत साडेसहा वाजवतो. कधी उठलोच तर धाकटा माझ्या चाहुलीने जागा होतो आणि पत्नी म्हणते, ‘तुझ्या व्यायामाची शिक्षा मला.’ २१ दिवस नेटाने केले की सवय लागते असे सगळीकडे वाचतो, पण मला ते २१ दिवस एकदाही पुरे करता आलेले नाहीत. माझ्यात मुळातच जिद्द कमी आहे का? की मुले मोठी होईपर्यंत हा नाद सोडून द्यावा?

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तीनदा बेत फसूनही चौथ्यांदा कसा करावा हे विचारायला जो माणूस पत्र लिहितो, त्याच्या जिद्दीविषयी मला शंका नाही. फसला आहे तो तुमचा हिशेब, आणि त्यातली पहिली चूक साध्या वजाबाकीत सापडते. रात्री बारा वाजता झोपणाऱ्या माणसाने पाचला उठायचे ठरवले तर त्याच्या वाट्याला पाच तासांची झोप येते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन आणि स्लीप रिसर्च सोसायटी या दोन संस्थांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे सांगितले की प्रौढ माणसाने रोज रात्री नियमाने किमान सात तास झोपावे. म्हणजे गजर टाळून तुम्ही साडेसहापर्यंत झोपता तेव्हाही तुमचा अर्धा तास कमीच पडतो, आणि पाचला उठलात की ही तूट दोन तासांची होते. दोन आठवडे तुम्ही हे रेटलेत हेच आश्चर्य आहे. तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या आजारपणाने निमित्त दिले नसते तर दुसऱ्या कशाने तरी दिले असते.

पहाटे जे दोन तास आपण कापतो, ते ‘उरलेली झोप’ म्हणून कापण्यासारखे नसतात. गाढ झोपेचा बराचसा भाग रात्रीच्या पहिल्या निम्म्या भागात उरकतो आणि स्वप्नांची झोप उत्तरार्धात, विशेषतः पहाटे, जास्त येते. शेवटचे दोन तास काढून टाकले की त्या झोपेचा मोठा हिस्सा जातो, आणि त्याचा परिणाम दिवसभर चिडचिडीच्या रूपाने मुलांना आणि सहकाऱ्यांना भोगावा लागतो. शिवाय झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे, अपुरी झोप असेल तर त्याहून अधिक वेळ, डोके पुरते जागे झालेले नसते. विचार मंद असतात, निर्णय चुकतात, आणि अंथरुणाबाहेरची प्रत्येक गोष्ट अवाजवी वाटते. तुम्ही मात्र व्यायाम करायचा की नाही हा निर्णय रोज नेमक्या त्याच मिनिटावर सोपवला आहे. त्या अवस्थेतल्या माणसाकडून जिद्दीची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. त्या मिनिटाला ठरवण्यासारखे काहीही शिल्लक ठेवू नये. सगळे आदल्या रात्री ठरलेले असावे, आणि आदली रात्र म्हणजे गजर लावण्याचा क्षण नव्हे, तर तुम्ही घरी पोहोचता तेव्हापासूनचा सगळा वेळ.

त्या रात्रीच्या तास-दीड तासाबद्दल मी तुम्हाला व्याख्यान देणार नाही. दिवसभर वरिष्ठांचे आणि संध्याकाळभर मुलांचे ऐकणाऱ्या माणसाला कोणी काही मागत नाही असा थोडा वेळ हवासा वाटणे यात गैर काहीच नाही. तो वेळ संपूर्ण काढून घेणारा कोणताही बेत टिकत नाही, कारण मग व्यायाम म्हणजे त्या वेळेची भरपाई देणारा दंड होऊन बसतो आणि आठव्या दिवशी मन बंड करते. म्हणून तो वेळ ठेवा, पण अलीकडे आणा. तो अलीकडे येण्याचा एकच मार्ग आहे: मुले साडेदहाऐवजी साडेनऊला झोपली पाहिजेत.

हे तुमच्या सोयीसाठी मुलांना राबवणे आहे असे वाटून घेऊ नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास, आणि एक वर्षावरच्या पण तीन वर्षांखालच्या मुलांना दुपारची झोप धरून अकरा ते चौदा तास झोप लागते. तुमची मुलगी साडेदहाला झोपून पावणेसातच्या आसपास उठत असेल, तर तिला सव्वाआठ तासच मिळतात. म्हणजे घरात झोपेची तूट असलेले तुम्ही एकटे नाही. दर तीन-चार दिवसांनी झोपण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे सरकवली तर दोन-अडीच आठवड्यांत एक तास मिळतो, आणि मुलांना तो बदल फारसा जाणवतही नाही. धाकट्याच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासा: तो दुपारी किती वाजता उठतो? दुपारची झोप पाच वाजेपर्यंत लांबत असेल तर रात्री साडेनऊला तो टक्क जागा असणार, मग तुम्ही कितीही गोष्टी सांगा. दिवसा त्याला जे कोणी सांभाळतात त्यांच्याशी बोलून ती झोप साडेतीनच्या सुमारास संपेल असे बघावे. जेवण झाल्यावर घरातले मोठे दिवे मालवून मंद दिवे ठेवले तर मुलांनाच काय, तुम्हालाही झोप लवकर येते, कारण संध्याकाळचा प्रखर उजेड शरीराच्या घड्याळाला मागे ढकलतो आणि सकाळचा उजेड तेच घड्याळ पुढे ओढतो.

आता नवा हिशेब पाहा. मुले साडेनऊला झोपली, साडेनऊ ते साडेदहा तुमचा वेळ झाला, पावणेअकराला तुम्हाला झोप लागली आणि पावणेसहाला गजर झाला, तर सात तास भरतात. पाच वाजता उठण्याचा आग्रह तुम्ही सोडून द्यावा असे मला स्पष्ट सांगायचे आहे. पाच या आकड्याला आरोग्यशास्त्रात काही विशेष मान नाही. तो बहुधा कोणाच्या तरी यशोगाथेतून आपल्याकडे आला आहे. काही माणसे स्वभावतः पहाटे उमलतात आणि काही संध्याकाळी, आणि हा कल बऱ्याच अंशी उपजत असतो. पहाटे व्यायाम केल्याने काही जादू होते असेही नाही. आईवडिलांसाठी पहाटेचे महत्त्व एवढेच की त्या वेळेवर अजून कोणी हक्क सांगितलेला नसतो. संध्याकाळचा व्यायाम लांबलेल्या कामामुळे, मुलीच्या अभ्यासामुळे किंवा नुसत्या थकव्यामुळे बुडतो. पहाटेचा बुडवणारे लोक अजून झोपलेले असतात. ते उठण्याच्या तासभर आधीची वेळ तुमच्यासाठी ‘पहाट’, मग ती पावणेसहा असो की सहा.

गजराच्या वेळेतही उडी घेऊ नका. साडेसहावरून पावणेसहावर येताना दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे, आणि त्याच बरोबरीने झोपण्याची वेळही तेवढीच अलीकडे, असे दोन्ही टोकांनी सरकावे. सुट्टीच्या दिवशी तासाभराहून अधिक उशिरा उठू नये. रविवारी साडेआठपर्यंत झोपणाऱ्याला रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी पहाटे तो पुन्हा पहिल्या दिवसावर येतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळी साडेसातला घरी आल्यावरचा कप बंद करावा लागेल. मोबाइल साडेदहाला दुसऱ्या खोलीत चार्जिंगला जावा; त्यामुळे रात्री तो हातात राहणार नाही, आणि पहाटे गजर बंद करायला चार पावले चालावे लागेल.

येथवरचा भाग सोपा होता. तुमच्या पत्रातला खरा कठीण भाग तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकला आहे, आणि तो म्हणजे तुमच्या पत्नीचे म्हणणे. ‘तुझ्या व्यायामाची शिक्षा मला’ हा तुम्हाला टोमणा वाटला असावा. मला त्यात अचूक हिशेब दिसतो. लहान मुलांच्या घरात कोणाचाही मोकळा वेळ आपोआप निर्माण होत नाही. एकाला तो मिळतो तेव्हा दुसऱ्याने तो दिलेला असतो, बहुतेक वेळा न विचारता. तुम्ही बूट घालून बाहेर पडता त्या पाऊण तासात धाकटा उठला तर त्याला शी-शूला नेणे, त्याची रड आवरणे, मुलीला उठवणे, तिचा डबा भरणे आणि स्वतःची कामावर जायची तयारी करणे हे सगळे एकीवर पडते, आणि तुम्ही घामाघूम होऊन, ताजेतवाने होऊन घरात शिरता तेव्हा तिची सकाळ संपलेली असते. असा व्यायाम फार दिवस चालत नाही, आणि चालू नये असेही मला वाटते.

म्हणून एक काम करा. एका कागदावर सकाळी पावणेसहापासून घराबाहेर पडेपर्यंतचे प्रत्येक काम लिहून काढा. ‘मुलांचे आवरणे’ असे मोघम लिहू नका. मुलीची वेणी कोण घालतो, पाण्याची बाटली कोण भरतो, शाळेच्या वहीवर सही राहिली आहे हे कोणाच्या लक्षात येते, धाकट्याचे ओले कपडे कोण बदलतो, असे बारीक लिहा आणि पुढे नाव लिहा. हा कागद पत्नीसोबत बसून भरा; एकट्याने भरलात तर निम्मी कामे तुम्हाला आठवणारच नाहीत, कारण जी कामे दुसरे माणूस करते ती आपल्याला दिसत नाहीत. त्यानंतर आठवड्याचे सहा दिवस निम्मे-निम्मे वाटून घ्या: तीन सकाळी तुमच्या, तीन तिच्या. तुमच्या सकाळी तुम्ही बाहेर जाल आणि ठरलेल्या मिनिटाला परत याल. साडेसहा म्हणजे साडेसहा, ‘आज जरा लय सापडली होती’ ही सबब चालणार नाही. तिच्या सकाळी मुले उठल्यापासून त्यांची जबाबदारी पूर्णपणे तुमची असेल, आणि ‘त्याचे मोजे कुठे आहेत’ असे तिला विचारायलाही जायचे नाही. त्या वेळात तिने व्यायामच करावा अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तिला झोपायचे असेल तर तिने झोपावे. तो वेळ तिचा आहे.

मग ‘रोजची’ सवय कशी लागणार, असे तुम्ही विचाराल. उठण्याची वेळ सहाही दिवस एकच ठेवायची. फक्त काम बदलायचे. तुमच्या तीन सकाळी अर्धा तास बाहेर, तिच्या तीन सकाळी घरातच दहा मिनिटे, मुले उठण्याआधी किंवा उठली तर त्यांच्यासमोरच. दहा मिनिटांनी काय होते, असे मनात येऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल सुचवली आहे. पूर्वी तिच्या शिफारशीत किमान दहा मिनिटे सलग हालचालीची अट होती, ती २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत काढून टाकण्यात आली, म्हणजे तुकड्यातुकड्याने केलेली हालचालही हिशेबात धरली जाते. अर्ध्या तासाचे तीन दिवस ९० मिनिटांचे, दहा मिनिटांचे तीन दिवस ३० मिनिटांचे; उरलेली ३० मिनिटे कामावर जाता-येताना किंवा दुपारच्या सुट्टीत झपझप चालून सहज भरतात. त्याच संघटनेने आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही सांगितला आहे, तो घरातल्या दहा मिनिटांत बसवता येतो.

जे पालक एकटेच मुले सांभाळतात, त्यांना हे वाटून घेणे शक्य नाही, आणि त्यांच्यासाठी बाहेर जाण्याचा सल्ला निरुपयोगी आहे. त्यांनी घरातल्या दहा-पंधरा मिनिटांवरच सगळा बेत उभा करावा, आणि चालण्याचा भाग मुले शाळेत असतील त्या वेळात टाकावा.

आता धाकट्याच्या जागे होण्याकडे वळू. लहान मुलांचीही पहाटेची झोप हलकी असते, त्यामुळे कपाटाच्या दाराची करकर किंवा गजराचा पहिला सूर पुरेसा होतो. यावर उपाय आहेत आणि ते सगळे रात्रीच करायचे आहेत. व्यायामाचे कपडे, मोजे आणि बूट दुसऱ्या खोलीत मांडून ठेवावेत. पाण्याचा तांब्या तिथेच भरून ठेवावा. करकरणाऱ्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडावेत. गजर मनगटावरच्या घड्याळात थरथरणारा लावता आला तर उत्तम, नाहीतर बाहेरच्या खोलीतल्या मोबाइलचा आवाज तुम्हाला जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवावा. हे सगळे करूनही तो कधीतरी उठेलच. त्या दिवशी काय करायचे हे आजच ठरवून ठेवा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडले की ‘मी अमुक करीन’ अशा नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ असा नेमका बेत प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला आहे. तुमच्या बाबतीत तो बेत असा असू शकेल: धाकटा सहाच्या आत उठला तर मी बाहेर जाणार नाही, त्याला बाहेरच्या खोलीत आणीन, मांडीवर घेऊन बसण्याऐवजी त्याच्यासोबत जमिनीवर खेळत दहा मिनिटांचा व्यायाम करीन आणि त्याच्या आईला उठवणार नाही. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. अडीच वर्षांचे मूल बापाच्या उठाबशा मोजू लागले की दोन, पाच, नऊ असे आकडे येतात, पण व्यायाम होतो.

२१ दिवसांचे म्हणाल तर त्या आकड्याने तुम्हाला उगाच छळले आहे. १९६० च्या सुमारास मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने असे निरीक्षण नोंदवले की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला, चेहराही गळून पडला, आणि कोणतीही सवय २१ दिवसांत लागते असे वाक्य तेवढे उरले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बारा आठवडे केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी सवय निवडली होती. ती फारसा विचार न करता घडू लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस. आणि माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवस इतका मोठा होता (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले अंदाज होते). व्यायाम निवडलेल्यांना पाणी पिण्यासारखी सोपी सवय निवडलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. आणि तुमच्यासाठी सर्वांत उपयोगाचा निष्कर्ष असा की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. तुम्ही मात्र मुलाच्या आजारपणात चार दिवस चुकल्यावर मोजणी शून्यावर नेलीत आणि मग मोजणेच सोडून दिलेत. लहान मुलांच्या घरात ताप, दात, उलटी आणि शाळेचे कार्यक्रम हे अपवाद नसतात. ते वर्षभर येत राहतात आणि बेत त्यांना धरूनच आखावा लागतो. दिवस मोजणे बंद करा. खंड पडला तर परत येण्याचा दिवस दहा मिनिटांचाच असेल, बुडालेल्या दिवसांची भरपाई करायची नाही, एवढा नियम पुरे.

याला जोडून दुसरा नियम: रात्री मुलाने दोनदा उठवले आणि झोप सहा तासांहून कमी झाली, तर त्या पहाटे उठायचे नाही. गजर बंद करून शांतपणे झोपायचे आणि दुपारी पंधरा मिनिटे चालायचे. हे आधीच ठरलेले असले की त्यात पराभव वाटत नाही.

व्यायाम कोणता, याविषयी तुम्ही विचारले नाही, पण पाऊण तास धावणे ही तुमच्यासाठी सुरुवात होऊ शकत नाही. वर्षानुवर्षे बैठे काम केलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात तेवढे धावले तर हृदयाआधी गुडघे आणि नडग्या तक्रार करतात. पहाटे शरीराचे तापमान कमी असते आणि स्नायू आखडलेले असतात. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट पाठीच्या कण्याची आहे. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त भरते. अशा ताठ चकत्यांवर कमरेतून पुढे वाकण्याचा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा अधिक येतो. तेव्हा उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरण्याचा व्यायाम करू नये, तो अर्ध्या-पाऊण तासानंतर किंवा संध्याकाळी करावा. आणि धाकट्याला उचलतानाही कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे, कारण ते वजन बारा-तेरा किलोंचे असते आणि ते हलते.

पहिले दोन आठवडे दहाच मिनिटे करा, बाहेर जाल त्या दिवशीही. पाच मिनिटे सावकाश चालणे, मग खुर्चीला पाठ करून तिच्यावर बसणे-उठणे, भिंतीला हात टेकून दंड घालणे, खांदे फिरवणे. उत्साह वाटला तरी वाढवू नका. या काळात शरीराला कमवायची आहे ती उठून सुरुवात करण्याची सवय. दम लागण्याची सवय नंतर सहज जोडता येते. तिसऱ्या आठवड्यापासून बाहेरचा वेळ दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवत अर्ध्या तासावर न्या, आणि चालणे एवढे झपझप असावे की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. धावायचेच असेल तर साधारण सहाव्या आठवड्यापासून एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे आलटून पालटून सुरू करावे. निरोगी माणसाला अर्धा तास चालण्यापूर्वी काही खाण्याची गरज नसते, पाणी प्यावे. मात्र मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, रक्तदाब जास्त असेल, चढ चढताना छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल किंवा जवळच्या नात्यात तरुण वयात हृदयविकार झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून मगच सुरुवात करावी. तुमच्या पत्रात असे काही नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असेल.

चौथ्यांदा सुरुवात करण्याची तारीख अजून ठरवू नका आणि या आठवड्यात गजराला हातही लावू नका. मुलांची झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, सकाळच्या कामांचा तो कागद पत्नीसोबत भरा आणि येत्या सुट्टीच्या दिवशी वार वाटून घ्यायला बसा. पहिले तीन वार तिला निवडू द्या.